बेरंगपूरची म्हातारी

हैदराबादहून परत आल्यापासून भीमराज कशालाच नाही म्हणत नव्हता, आणि पद्माबाईची तक्रार नेमकी हीच होती. पोरगं दारू पीत असतं, बायकोवर आवाज चढवत असतं, तर तिला चार बायांत बसून पदर खोचून सांगता आलं असतं. तसल्या तक्रारीला गल्लीत गिऱ्हाईक असतं. पण लेक ऐकतो म्हणून कुरकुरणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील? माजली म्हणतील. "भाकरी टाकू का भात लावू?" असं विचारलं की तो म्हणायचा, "चालंल." "काय चालंल? दोनीबी कसं चालंल? एक सांग की." "कायीबी चालंल, माय." बाजारातून तिने मुद्दाम भडक जांभळा सदरा आणला. पूर्वी असला सदरा त्याने बुजगावण्यालासुद्धा घातला नसता. आता मुकाट्याने अंगात चढवला आणि वरून "बरा बसला" म्हणाला. शेवटी तिने ठेवणीतलं हत्यार काढलं. त्याच्या मेलेल्या बापाला, भिवाजीला, भर जेवणात नाव ठेवलं, की तुझा बाप जन्मभर सरकारच्या रस्त्यावर डांबर टाकत राहिला, पर सोताच्या दारापुढं एक फरशी टाकायचं त्याला सुचलं न्हाई. या वाक्यावर भीमराज आजवर ताट सरकवून उठत आला होता, आणि मग मायलेकांत असं भांडण जुंपायचं की शेजारची जमनाबाई भिंतीला कान लावायची. आता घास चावता चावता तो म्हणाला, "व्हय, तसं होतं खरं." पद्माबाईची पळी हातात तशीच राहिली, आमटी तिच्यातून ताटाबाहेर ठिबकत राहिली. हा आपला लेक नाही, त्याचा चेहरा लावून दुसरंच कोणी घरात जेवून राहिलंय, असं तिला वाटलं.

एरवी पाहिलं तर तिला हवं होतं ते सगळं झालं होतं. येत्या सोमवारी भीमराज कळमनुरीच्या बाजूला एका शाळेत कारकून म्हणून रुजू होणार होता. त्या संस्थेच्या कार्यालयात तिचा लांबचा मावसभाऊ हरिचंद बसायचा, आणि गेली कित्येक वर्षं ती लेकाला सांगत होती, की हरिचंदमामाला एक शब्द टाकते, पंख्याखालची नोकरी आहे, घरचं खाशील, बायकोजवळ राहशील. तेव्हा भीमराज फोनवरून हसायचा. "माय, मी लोकांच्या पोरांचे दाखले लिवायला जन्मलो न्हाई." मग तिचं एक बोलणं, त्याचं एक बोलणं, आणि फोन आपटला जायचा, पण आपटलेला फोन दोन दिवसांत पुन्हा वाजायचा, म्हणजे सगळं ठीक होतं. मग तिकडचं ते चित्रांचं ठिकाण बंद पडलं. मालकाने एका सकाळी दाराला कुलूप लावलं म्हणे, आणि हा एक बॅग घेऊन हिंगोलीच्या स्टँडवर उतरला. पद्माबाईने दम खाल्ला नाही. उठली ती हरिचंदच्या घरी गेली. पद्माबाई कुणाच्या उंबऱ्यात पाणीसुद्धा पीत नाही अशी तिची सगळ्या नात्यात ख्याती होती. तिथे मात्र ती सोफ्याच्या कडेवर बसली, हरिचंदच्या बायकोने दिलेला पाकासारखा चहा तळापर्यंत प्यायली, आणि "लेकराचं तेवढं बघा" असं जे वाक्य तिने उभ्या जन्मात कुणापुढे उच्चारलं नव्हतं, ते उच्चारून घरी आली. येताना रस्ताभर तिने भांडणाची तयारी केली होती. तो काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणू, मग तो काय म्हणेल. दारात चप्पल काढता काढताच तिने सांगितलं, "सोमवारी जायाचं हाय." भीमराज म्हणाला, "बरं." एवढ्या सगळ्या तयारीचं आता काय करायचं ते तिला कळेना. तोंडात आलेलं सगळं तसंच गिळावं लागलं, आणि ते अजून घशाशी होतं.

हैदराबादहून सेवा नावाच्या त्याच्या दोस्ताचा फोन यायचा. कुठलं नवं ठिकाण सुरू होत होतं, चित्रं काढणारी माणसं हवी होती. भीमराज खुणेने करुणाला सांगायचा, मी घरात न्हाई म्हण. करुणा, म्हणजे त्याची बायको, सरकारी दवाखान्यात नर्स होती. खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. "ते बाहेर गेलेत, भाऊ," असं ती म्हणायची, आणि तो बाहेर गेलेला माणूस समोर भिंतीला टेकून स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत असायचा. त्याने पेन्सिल हातात धरलेली पद्माबाईने पाहिली नव्हती. किराण्याची यादी करायची तर ती करुणा करायची. आणि या पोराने लहानपणी काय रंगवायचं बाकी ठेवलं होतं! कुरुंद्याला, गावी असताना संक्रांत झाली की हळदीची काढणी लागायची, आणि पुढे दोन-तीन महिने पद्माबाई कढईपाशी असायची. शेतातच चुलवण खणलेलं, त्यावर माणूस उभा आडवा मावेल एवढी लोखंडी कढई, तीत उकळणारे हळदीचे कंद, वर गोणपाट झाकलेलं, आणि वाफ अशी की संध्याकाळी डोक्यावरून पाणी घेतलं तरी केसांचा वास जायचा नाही. जाळ पुरुष घालायचे. हळद शिजली का नाही ते पद्माबाई सांगायची. उजव्या हातातल्या लाकडाने एक हळकुंड बाहेर ओढायचं, डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबून बघायचं, आणि पोळलेला अंगठा पटकन कानाच्या पाळीला लावायचा. उजवा हात लाकडात अडकलेला, म्हणून डावा अंगठा तोंडावरून आडवा नेऊन उजव्या कानाला. का उजव्या, डावा कान जवळ नव्हता का, ते तिने कधी स्वतःला विचारलं नाही. तिची नखं बारा महिने पिवळी असायची. पुढे भीमराजच्या लग्नात, बुद्धवंदना म्हणून झाल्यावर, करुणाकडच्या एका म्हातारीने हळूच हळद लावायचं विचारलं तेव्हा पद्माबाईने दोन्ही हात तिच्यापुढे पसरले होते. "हे बघा. आमच्या घराण्याची लावून झालेली हाय."

त्या दिवसांत भीमराज शेताच्या बांधावरच्या लिंबाखाली असायचा. चुलवणातला विझलेला कोळसा घेऊन तो दिसेल त्यावर काढत सुटायचा. दगडावर, पाण्याच्या ड्रमावर, बैलगाडीच्या चाकावर. एकदा मालकाच्या कोऱ्या गोणपाटांवर, ओळीने, सगळ्या मजुरणी काढल्या, कमरेत वाकलेल्या. मालकाचा माणूस ओरडत आला. पद्माबाईने त्याच्या देखत पोराच्या पाठीत दोन धपाटे घातले, आणि मग वळून त्या माणसाला एवढं सुनावलं की तो आपलं गोणपाट तिथेच टाकून गेला. ते गोणपाट पुढे कित्येक वर्षं घरात अंथरायला होतं. धुतलं की बाया पुसट व्हायच्या, पण जात नव्हत्या. पोरगं मोठं झालं, चित्रकलेच्या परीक्षा देत सुटलं, बाप गेला, आणि एक दिवस हैदराबादची गाडी धरून हे निघून गेलं. तिथे ते काय करत होतं हे पद्माबाईने कुणाला नीट सांगितलं नाही, कारण तिलाच सांगता येत नव्हतं. "कंप्युटरमधी हाय," ती म्हणायची. कंप्युटर म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे.

तर त्या दिवशी दुपारी ती घरात एकटी होती. करुणा ड्युटीवर होती, भीमराजला तिने दळणाला पाठवलं होतं. दळण दोन दिवस थांबलं असतं, पण घरात तो भिंतीला टेकलेला दिसला की तिला उबग यायचा. वैशाखातली दुपार, खिडकीला ओला टॉवेल लावलेला. चारला लाईट जाणार हे सगळ्या हिंगोलीला ठाऊक होतं, म्हणून पंख्याखाली आडवं होऊन ती टीव्हीची बटणं दाबत पडली होती. बातम्या, क्रिकेट, कोणीतरी तेल विकत होतं, कोणी अंगठ्या. मग लेकरांचं एक चॅनल आलं, आणि तिने पुढचं बटण दाबलं, आणि तिचं बोट थांबलं. ती मागे आली. टीव्हीवर चित्रातली एक म्हातारी डायन एका भल्या मोठ्या कढईपाशी उभी होती. तिने लाकडाने कढईतून काहीतरी बाहेर ओढलं, अंगठ्याने दाबलं, आणि तो अंगठा तोंडावरून आडवा नेऊन पलीकडच्या कानाला लावला. पद्माबाई उठून बसली. तिचा स्वतःचा डावा हात उचललेला होता. कधी उचलला ते तिला कळलं नव्हतं. अंगावरून मुंगी गेल्यासारखं काहीतरी मानेपासून खाली गेलं, जसं गर्दीच्या बाजारात कोणी मागून आपल्या माहेरच्या नावाने हाक मारावी.

कोपऱ्यात पिच्चरचं नाव होतं. पद्माबाई दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षरं तिला एकेक करून भेटायची. बे. रं. ग. पू. र. आणि पूर्ण झालं तेव्हा तिला तो फोन आठवला, तीन-एक वर्षांपूर्वीचा. "माय, आमचं पिच्चर आलं. बेरंगपूर. नांदेडला लागलंय." त्याच्या आवाजात असं काही होतं की तिने लगेच खेकसून घेतलं होतं. "लेकराइचं पिच्चर काय बघायचं? मोठी मानसं बघतात ते काढ." मग ती खरंच जाणार होती, पण त्या आठवड्यात करुणाला ताप होता, आणि ताप उतरेपर्यंत नांदेडहून पिच्चर उतरलं होतं. कोणी बघायलाच गेलं नव्हतं म्हणे. भीमराजने पुन्हा कधी नाव काढलं नाही, तिनेही नाही. ते बुडालेलं, कुणी न विचारलेलं पिच्चर आता कुठल्याशा चॅनलने दुपारची मोकळी वेळ भरायला लावलं होतं, आणि सगळ्या देशात ते बघणारी आपण एकटीच असू, असं पद्माबाईला वाटलं.

गोष्ट तिला लगेच कळली. लेकरांची गोष्ट, कळायला काय लागतं. एका गावातला पिवळा रंग चोरीला गेलेला. झेंडू पांढरे, आंबे सोललेल्या अंड्यासारखे पांढरे, सूर्य घासलेल्या थाळीसारखा. चिमी नावाची एक पोरगी आणि तिचं शेळीचं करडू पिवळा रंग परत आणायला निघालेले, आणि तो सगळा रंग त्या डोंगरापलीकडच्या डायनीच्या कढईत. पद्माबाईने नावं ठेवायला सुरुवात केली, कारण नावं ठेवल्याशिवाय तिला काही बघता येत नसे. पोरीचं तोंड एकीकडे हलत होतं आणि आवाज दुसरीकडे. तेच झाड पुन्हा पुन्हा मागून जात होतं. ज्याने काढलं त्याला एवढ्या मोठ्या डोंगराला एकच झाड सुचावं? करडू तर उशीत कापूस भरल्यासारखं. पण म्हातारी आली की पिच्चर जिवंत व्हायचं. म्हातारीचं तोंड पद्माबाईचं नव्हतं. नाक वाकडं, केस खराट्यासारखे, एकच दात. पद्माबाईचं नाक चांगलं होतं, अजून आहे. पण ती चालत होती ते? उजवा गुडघा धरलेला, म्हणून अंग डावीकडे टाकून. पायरी आली की आधी थांबायची, पायरीकडे रागाने बघून तिला काहीतरी बोलायची, मग चढायची. पद्माबाईला कोणी सांगितलं असतं की तू पायऱ्यांशी बोलतेस, तर तिने त्याचा मुडदा पाडला असता. आता ती समोर बघत होती. बोलत होती की! दवाखान्याच्या पायऱ्यांशी, विहाराच्या पायऱ्यांशी, हरिचंदच्या पायऱ्यांशीसुद्धा.

मग तिला राग आला, चांगला भाजून काढणारा राग, आणि इतक्या दिवसांनी राग आल्याचं बरंही वाटलं. पोराने आपल्या मायला डायन केली! गावात एवढ्या बाया पडल्या होत्या. जमनाबाई होती, तिला डायन करायला नाकसुद्धा वाकडं करायला लागलं नसतं. गल्लीतली माणसं आपल्याला मागून काय म्हणतात ते पद्माबाईला ठाऊक होतं, पण ती परकी माणसं. हा पोटचा. येऊ दे दळण घेऊन, पायलीभर पीठ त्याच्या डोक्यावरच ओतते. ती असं ठरवत होती, आणि तिकडे चित्रात अंधार पडत होता. डायनीने जाळ कमी केला. मग गोणपाट घेतलं आणि कढईवर झाकलं. नुसतं टाकलं नाही. आधी एक कोपरा ओढला, मग त्याच्या समोरचा, मग बाकीचे दोन, आणि मग हात फिरवून मधली सुरकुती काढली, इतक्या हलक्या हाताने की तिथे उकळता रंग नसून कोणी निजलेलं असावं. पिच्चरात याची काहीच गरज नव्हती. डायनीने कढई झाकली काय आणि उघडी ठेवली काय, गोष्टीचं काही अडत नव्हतं. आणि पद्माबाईचा राग मधेच उभा राहिला, चालता चालता माणूस काही आठवून थांबतं तसा. कुरुंद्याला दिवस कलला की बांधावर गार वारं सुटायचं. भीमराज लिंबाखाली झोपी गेलेला असायचा, कोळशाने काळी झालेली बोटं तोंडाशी. कढईवरचं वाफेने गरम झालेलं एक गोणपाट काढून ती त्याच्यावर घालायची. आधी हा कोपरा, मग समोरचा, मग बाकीचे दोन, मग हात फिरवून सुरकुती. कुणी बघत नाही ना ते बघून घालायची, कारण पोराला लाडावून ठेवणारी बाई अशी तिची ख्याती तिला नको होती. हे याला कुठून कळलं? तो तर झोपलेला असायचा. रोज. श्वास संथ चाललेला असायचा.

टीव्हीचा पडदा तिला नीट दिसेना. तिने डोळे नाही पुसले. टॉवेलातून ऊन येत होतं, म्हणून ती सरकून बसली. आता तिला डायनीची काळजी लागली होती. सगळ्या बेरंगपुरात एकटी ती काम करत होती. ती गावातली माणसं नुसती डोळे बारीक करून बसलेली, पांढरे आंबे हातात घेऊन रडत. ही मात्र जाळ बघत होती, ढवळत होती, झाकत होती, आणि कुणाशी बोलायचं तर पायरीशी. रंग चोरला, चुकलंच तिचं, पण तो तिने नासवला तर नव्हता. इतक्यात ती चिमी मागच्या दाराने आत आली. करडाच्या गळ्यातली घंटा वाजली. डायन वळली, हातातलं लाकूड तिने वर उचललं, आणि चार वाजले. पंखा थांबला. टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

पद्माबाई काळ्या काचेकडे बघत बसली. काचेत खोली दिसत होती आणि खोलीत ती स्वतः, अंग डावीकडे टाकून बसलेली. असल्या गोष्टींत म्हाताऱ्यांचं काय होतं ते तिला माहीत होतं. ती स्वतःच भीमराजला तसल्या गोष्टी सांगायची. डायनीला भट्टीत ढकललं, डायन विहिरीत पडली, डायन फुटली, आणि दोघं मायलेक टाळ्या पिटून हसायचे. तेव्हा तिला कुठल्या डायनीचं काही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं. त्या कढईत ढकलली असणार. समोर उकळती कढई असताना आणखी दुसरं काय करतील? आणि ते पडणं, ते बुडणं, शेवटी वर राहिलेला हात, हे कोणी काढलं असेल? त्यानेच. बसून, टोकदार पेन्सिलीने, पगार घेऊन. मग फोनवर म्हणाला असेल, माय, काय करून राहिलीस, जेवलीस का.

भीमराज पीठ घेऊन आला तेव्हा ती दाराशीच उभी होती. जांभळ्या सदऱ्यावर पीठ उडालेलं. सरळ विचारावं, तर आपण बघितलं हे कबूल करावं लागणार, आणि बघितलं म्हटलं की कसं वाटलं ते सांगावं लागणार. तिने पिठात हात घालून बघितलं. "जाडं दळलं."

"व्हय, जाडं दिसतंय."

"बारीक हाय! डोळे फुटले का तुझे? बारीक पिठाला जाडं काहून म्हणून राहिला?"

"तू म्हणलीस म्हून."

"मी म्हणलं तर शेण खाशील?" ती वळून आत गेली, पुन्हा बाहेर आली. "मारली का रे तिला?"

"कुणाला?"

"त्या म्हातारीला. कढईवालीला."

भीमराजने डबा खाली ठेवला. त्याच्या तोंडावरून काहीतरी गेलं. लहानपणी कोळसा लपवताना सापडला की जायचं, तसलं. "तू बघितलं? कुठं?"

"टीवीवर लागलं होतं. उगं, बटन दाबताना. चारला लाईट गेली." मग तिला राहवेना. "ढकलली ना कढईत? खरं सांग. तूच काढलं ना ते?"

"मी सगळं न्हाई काढलं, माय. मोठा चित्रकार एक पहिलं चित्र काढतो, एक शेवटचं. म्हातारी चुलीपाशी उभी, म्हातारी दारापाशी उभी. मधली मी काढायचो."

"मधली म्हंजी?"

"म्हंजी चुलीपासून दारापोत जायाला जेवढं चालावं लागतं, तेवढी."

"मंग चालवली कोणी तिला? त्यानं का तू?"

"मी," भीमराज म्हणाला.

"मंग तसं सांग की. मेली का जित्ती हाय?"

"स्टोरीत मरणार होती," तो म्हणाला. "रंग गावाकडं जातो, आन ती धूर होऊन उडून जाती, असं लिवलं होतं. डायरेक्टर म्हणला, दोन सेकंदात उडव, आपल्याला गाणं घ्यायचंय. मी म्हणलं, न्हाई. म्हणला, काहून? मी म्हणलं, चुलवणात जाळ हाय आजून. ती जाळ तसाच टाकून उडून कशी जाईल? ते हसायला लागले. म्हणले, डायन हाय ती, भाऊ. मी म्हणलं, डायन असली म्हून काय झालं, कामाची बाई हाय." बोलता बोलता त्याचा आवाज वर गेला होता, ते त्याच्या ध्यानात नव्हतं. "लई बोललो मी, माय. टेबलावर हात आपटला. सेवा धरून बाहेर घेऊन गेला मला. मंग शेवटी डायरेक्टर म्हणला, बरं, कोपऱ्यात ठेव तिला, पर गाण्याच्या मधी येऊ देऊ नको. गाणं चालू असतं, पोरं नाचत असतात, आन मागं कोपऱ्यात ती असती. कोणाचं ध्यान जात न्हाई."

"काय करती मागं?"

त्याने हात हवेत उचलला, खाली घेतला, आणि मग जांभळा सदरा पाठीवर ओढून तो कमरेत वाकला. उजवा गुडघा धरला. अंग डावीकडे टाकून तो खोलीभर चालला, आणि चालता चालता त्याचं तोंड, त्याची मान, खांद्याची हाडं, सगळं म्हातारं होत गेलं. तिकडे हैदराबादला आरशासमोर असं चालून मग कागदावर काढत असणार, हे पद्माबाईला कोणी न सांगता समजलं. तो हवेतल्या रिकाम्या कढईशी आला. चुलवणातली जळती लाकडं एकेक करून मागे ओढली, पायाने माती सारून विझवली. कढईच्या तळाला बोट लावून बघितलं, काही उरलं का. अंगठा पोळला. डावा हात तोंडावरून आडवा जाऊन उजव्या कानाशी गेला. मग तो वळला, न दिसणाऱ्या पायरीपुढे थांबला आणि तिला म्हणाला, "काय बघून राहिलीस? सरक."

दारात करुणा उभी होती, पांढऱ्या साडीत, हातात डबा. ती एकदा नवऱ्याकडे बघत होती, एकदा सासूकडे. "आत्या," ती म्हणाली, "एक पुरत नव्हती का, म्हून दुसरी आणली?" आणि तिला जे हसू फुटलं ते डबा खाली ठेवेपर्यंत थांबेना. भीमराज सरळ झाला, पण त्याच्या तोंडावरची म्हातारी लगेच उतरली नाही. त्याला धाप लागली होती. कपाळावर पीठ आणि घाम यांचा लगदा झाला होता. डोळे मात्र लिंबाखालचे होते.

पद्माबाईने तोंड फिरवलं. खिडकीवरचा टॉवेल वाळला होता, तो तिने उगाच झटकला. मग तोंड न वळवताच म्हणाली, "ते कानाचं चुकलं."

"काय चुकलं?"

"मी डाव्या हातानं डावा कान धरते. समदी दुनिया तसाच धरते. तू भलताच काढला."

"बर–" असं काहीतरी त्याच्या ओठांवर आलं. पद्माबाई पाठमोरी उभी राहून ऐकत होती, सगळं अंग कान करून. तो शब्द पुरा झाला असता तर तिने सोमवारची त्याची कापडं इस्त्रीला दिली असती आणि पुन्हा कधी काही विचारलं नसतं. पण तो पुरा झाला नाही.

"न्हाई," भीमराज म्हणाला.

"काय न्हाई?"

"तू उजवा धरतीस. डाव्या हातानं उजवा कान."

"मला सांगतोस? माझा कान हाय!"

"तुझा असू दे. बघितला मी हाय. तू कव्हा बघितलास सोताचा कान?"

"मी तुला जन्म दिला आन तू मला माझा कान शिकवून राहिला?"

"शिकवतो!" त्याने डाव्या हाताने स्वतःचा उजवा कान धरून दाखवला. "आठ महिने तोच काढला मी. हजार डाव काढला असंल. तू काहीबी म्हण, माय, उजवाच हाय. ते चुकलं न्हाई. करडू चुकलं, झाड चुकलं, त्या पोरीचं तोंड तर समदंच चुकलं. म्हातारी चुकली न्हाई!"

पलीकडे भिंतीशी काहीतरी खरडलं. जमनाबाईने स्टूल सरकवलं असावं. करुणा हसायची थांबली होती आणि दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पद्माबाई वळली. लेकाच्या गळ्याची शीर फुगलेली तिला दिसली, आणि त्या शिरेकडे बघताना तिला हरिचंदचा सोफा दिसला, त्याची कड, तो पाकासारखा चहा. पुन्हा तिथे जावं लागणार. पुन्हा त्याच कडेवर बसून सांगावं लागणार, की भाऊ, तुमची तकलीफ वाया गेली. हरिचंद नात्यात सगळीकडे सांगणार, पद्माबाईच्या शब्दाला काही वजन राहिलं न्हाई. सांगू दे. हरिचंदच्या बायकोला म्हणावं लागेल, आजच्याला साखर कमी घाल. तेवढ्यात खिडकीच्या जाळीत ठेवलेल्या फोनची घंटा वाजायला लागली. करुणाने सवयीने भीमराजकडे बघितलं, खुणेसाठी. भीमराजने मायकडे बघितलं. त्याचा हात अजून कानाशी होता.

"म्हातारी बरी काढली तू," पद्माबाई म्हणाली. "पर कारकून भिकार होशील. फोन उचल."